पोहोचल्याची खूण

गावात माईक आला, भोंगे आले, तरी टिकारामला त्यांची गरज कधी पडली नाही. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत दंडारीचा खेळ उभा राहिला आणि टिकाराम राजाचं सोंग घेऊन मांडवात उतरला, की शेवटच्या रांगेतल्या बहिऱ्या म्हाताऱ्यालाही कळायचं की राजा रागावला आहे. वर्षाचे बाकीचे दिवस हाच राजा धानाच्या आपल्या चार बांध्यांत गुडघाभर चिखलात उभा असायचा. तिथे त्याचं कोणी ऐकत नसे. बैल ऐकत नसत आणि बायको सुशीलाबाई तर मुळीच नाही.

त्याची लेक डिंपल नववीत होती. पोरीचा आवाज ना आईवर गेला होता ना बापावर. घरात काही मागायचं तरी ती चुलीजवळ येऊन इतक्या हळू बोलायची की सुशीलाबाई म्हणायची, "पिठाच्या डब्यात तोंड घालून बोलून राहिली का वं?" पण पोरगी हुशार. गाव करडीच्या फाट्याहून आत, शाळा गावातच, आणि इंग्रजी शिकवायला जागेश्वर सर मोटरसायकलवर तुमसरहून यायचे. पाऊस असो, चिखल असो, सर यायचेच. काळ, क्रियापदं, निबंध, सगळं ते फळ्यावर नांगरल्यासारखं ओळीनं घालत. डिंपलनं ते तसंच उचललं होतं.

पोळा झाला आणि एक दिवस सर थेट बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावरच आले. टिकाराम आणि सुशीलाबाई निंदण काढत होते. सरांनी बूट हातात घेतले होते, पॅन्ट वर दुमडली होती. नागपूरकडच्या एका निवासी शाळेचं त्यांनी सांगितलं. जिल्ह्यातल्या मोजक्या मुली ती शाळा दिवाळीनंतरच्या सत्रापासून घेते आणि बारावीपर्यंत राहणं, जेवणं, शिकणं सगळं तिथेच, फुकट. भंडाऱ्याला परीक्षा. सकाळी इंग्रजीत लिहायचं, दुपारी मंचावर उभं राहून इंग्रजीत बोलायचं.

"लिहिते तर अशी, का माह्या लाल पेनाले कामच राहत नाई," सर म्हणाले. "पन बोलाले उभी केली का ओठ हालतेत, आवाज येत नाई. तठी पोरगी मार खाईल, टिकारामभाऊ."

टिकारामनं हातातलं गवत धुऱ्यावर फेकलं आणि तो हसला. उभ्या आयुष्यात त्याला आपल्या कामाचं असं काही कोणी आणून दिलं नव्हतं.

"इंग्रजी तुमी पाहा, सर," तो म्हणाला. "आवाज माह्यावर सोडा."

सुशीलाबाईनं मान वर न करता विचारलं, "अन निंदण कोनावर सोडाचं?"

दंडारीत आवाज घडवण्याची या गावची एक रीत होती. टिकारामला ती पुंडलिकरावांनी शिकवली होती, त्यांना त्यांच्या आधीच्या कोणी. नवा गडी तलावाच्या या पारीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर उभा करायचा आणि शिकवणारा पलीकडच्या पारीवर जाऊन उभा राहायचा. मध्ये सगळं पाणी. गड्यानं आपलं बोलणं म्हणायचं. ऐकू आलं नाही तर शिकवणारा कानावर हात ठेवायचा, म्हणजे पुन्हा म्हण. शब्द न् शब्द पोहोचला तर खांद्यावरचा दुपट्टा वर करायचा. दुपट्टा वर गेल्याशिवाय घरी जायचं नाही. टिकाराम तरुणपणी एकदा अंधार पडेपर्यंत तिथे रडत उभा होता, असं पुंडलिकराव आजही चारचौघांत सांगत, आणि तोही हसून मान्य करी.

तर दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी डिंपल या पारीवर आणि टिकाराम त्या पारीवर.

पहिले काही दिवस नुसती शोभा झाली. घाटावर धुणं धुणाऱ्या बाया हात थांबवून बघायच्या. डिंपल खाली मान घालून काहीतरी पुटपुटायची आणि पलीकडे टिकारामचा हात कानावर. परत पुटपुटणं, परत कानावर हात. "टिकारामची पोट्टी मासोयांले इंग्रजी शिकवून राहिली," एक बाई म्हणाली, तशी डिंपल रडत घरी पळाली. टिकाराम पारीला वळसा घालून धापा टाकत घरी आला. तिच्याजवळ बसला.

"हासनाऱ्याले हासू दे, माय," तो म्हणाला. "त्यांच्याकडे पाहाचंच नाई. माह्याकडे पाह्य. मी हावो ना समोर. बोलनं फक्त मले पोहोचवाचं. बाकी दुनिया गेली चुलीत."

मग ती त्याच्याकडे बघून बोलू लागली. सरांनी तिच्याकडून 'आमचा तलाव' या विषयावर भाषण लिहवून घेतलं होतं. देअर इज अ टँक इन माय व्हिलेज, असं ते सुरू व्हायचं. टिकारामला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण कुठे दम घ्यायचा, कुठे वाक्य पडतंय, हे त्याला कळायचं. वाक्याचा शेवट दंडारीत ओढून, उचलून म्हणतात, म्हणजे वाऱ्यावर तो टिकतो. तसंच त्यानं शिकवलं. "व्हिलेऽऽज," ती म्हणायची. "आणिक वर!" तो ओरडायचा. पोरीची छाती भरू लागली, मान वर आली. आणि एका संध्याकाळी पलीकडच्या पारीवर लाल दुपट्टा वर गेला. डिंपलनं दोन्ही हात तोंडावर ठेवले आणि ती उड्या मारत सुटली. घाटावरच्या बायाही त्या दिवशी हसल्या नाहीत.

घरातही इंग्रजी वाढू लागली. लवकर येणारा हलका धान पिवळा पडत होता. सुट्टीच्या दिवशी डिंपल धुऱ्यावर बसून वाक्यं म्हणायची.

"माय फादर कट्स द पॅडी."

"काय म्हनते हे?" टिकारामनं इळ्याची धार अंगठ्यावर बघत विचारलं.

"बाबा धान कापतेत."

"मंग खरंच तर हाय. यात शिकाचं काय हाय? हे तर बैलालेबी मालूम हाय." तो हसला. "अन काल कापला असंल तं?"

"माय फादर कट द पॅडी."

"उद्या?"

"माय फादर विल कट द पॅडी."

"धान तोच, इळा तोच, कंबर मोडनाराबी तोच," टिकाराम म्हणाला. "बोलनं मात्र तीन तऱ्हेचं." पण ते पहिलं वाक्य त्याला भारी आवडलं. फादर म्हणजे मी. दिवसभर तो कापता कापता ते गुणगुणत राहिला, दंडारीच्या चालीवर, शेवटचा शब्द ओढून. सुशीलाबाईनं कपाळावर हात मारला, आणि लुगड्याचा पदर तोंडाला लावून हसूही लपवलं. त्या घरातले ते चांगले दिवस होते. चांगले दिवस चालू असताना कोणाला कळतात!

परीक्षेची तारीख आली ती नेमकी कापणीत. चारही बांध्या कापून झाल्या होत्या. कापलेला धान वाळायला तसाच बांधीत पसरला होता. आमच्याकडे त्याला कडपा म्हणतात. कडपा दोन-तीन उन्हं खातात, मग भारे बांधून त्यांचं पुंजणं रचायचं. कडपा जमिनीवर असेपर्यंत शेतकऱ्याचा डोळा आभाळावर असतो. हातातोंडाशी आलेला घास तो हाच.

आदल्या संध्याकाळी उगवतीकडून ढग उठले. सुशीलाबाई बांधीत उभी राहून त्यांच्याकडे बघत होती.

"उद्या सकारीच भारे बांधाले लागते," ती म्हणाली. "पोरगी सरासंगं जाईल भंडाऱ्याले. तुमी काहून जाता?"

टिकाराम काही बोलायच्या आत डिंपल म्हणाली, "बाबा नसन तं माहा आवाज नाई निंगनार, माय. मले बाबा समोर दिसले पायजे."

"तठी का तलाव हाय?"

"मागं उभे राहतीन. मी त्यांच्याकडेच पाहीन."

टिकाराम बायकोकडे बघेना. त्यानं ढगांकडे बघितलं. हे ढग नुसते फिरणारे आहेत, वारा त्यांना पलीकडे लोटेल, असं त्यानं स्वतःला पटवलं. ज्याला जायचंच असतं त्याला आभाळ नेहमी मोकळंच दिसतं. "तिचं बोलनं झालं का येतोच वापस," तो म्हणाला. "पोरीच्या जनमाची गोस्ट हाय, डिंपलची माय."

"अन हा धान का शेजाऱ्याचा हाय?" ती म्हणाली. पण पहाटे तिनंच पोरीची वेणी घातली, घट्ट, एक केस सुटू न देता. टिकारामचा पांढरा सदरा तिनं काढून ठेवला होता, आणि मंडईत वापरायचा तो लाल दुपट्टा.

भंडाऱ्याच्या त्या शाळेचा हॉल टिकारामनं बघितला आणि तो दारातच थांबला. गुळगुळीत फरशी, भिंतीला पंखे, पुढे मंच आणि मंचावर माईक. खुर्च्यांवर पालक बसले होते. कोणी जवाहरनगरच्या कारखान्याच्या क्वार्टरांतले, कोणी भंडाऱ्याचे. त्यांच्या पोरी एकमेकींशी इंग्रजीत बोलत होत्या, आणि तेही हळू. टिकारामनं चपला बाहेर काढल्या. मग बघितलं तर कोणीच काढल्या नव्हत्या. तो परत बाहेर गेला आणि घालून आला. जागेश्वर सरांना दुसऱ्या शाळांच्या शिक्षकांबरोबर वेगळ्या खोलीत बसवलं होतं. सकाळचं लिहिणं झाल्यावर डिंपल हसत बाहेर आली. निबंध सोपा होता म्हणाली. दोघांनी भिंतीच्या कडेला बसून भाकरी आणि भाजलेली मिरची खाल्ली. टिकाराम मधूनच उठून खिडकीतून आभाळ बघून येई.

दुपारी बोलणं सुरू झालं. टिकाराम अगदी मागे, भिंतीला टेकून उभा राहिला. रिकाम्या खुर्च्या होत्या, पण बसला तर पोरीला दिसणार नाही. तिचं नाव पुकारलं. निळ्या गणवेशातली डिंपल मंचावर गेली, तिनं मागे बघितलं, बाप दिसला, आणि तिनं छाती भरून सुरुवात केली.

"देअर इज अ टँक इन माय व्हिलेऽऽज!"

तलावापलीकडे पोहोचणारा आवाज तो. माईक किंकाळला. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं कान झाकले. पोरी हसल्या, मग त्यांचे आईबापही हसले. मंचाखाली बसलेल्या परीक्षक मॅडमनी हात खाली दाबल्यासारखा केला. "सॉफ्टली, बेटा, सॉफ्टली. इतना चिल्लाने की ज़रूरत नहीं. माईक है ना."

डिंपलचा चेहरा उतरला. तिनं पुन्हा तोंड उघडलं, पण आता काहीच येईना. ओठ हलले. हॉल शांत झाला, आणि त्या शांततेत कोणाचं तरी खुसखुसणं ऐकू आलं. तिची नजर भिरभिरत मागच्या भिंतीकडे गेली.

टिकारामला एवढंच दिसलं की पोरगी बुडते आहे. आवाज तर तिचा छान आला होता. शेवटच्या भिंतीपर्यंत आला होता. मग ती थांबली का? हसणाऱ्यांना घाबरली. त्याला एकच गोष्ट ठाऊक होती, आणि ती त्यानं केली. खांद्यावरचा लाल दुपट्टा काढला आणि डोक्याच्या वर उंच धरला. तेवढ्यानं भागेना म्हणून चार पावलं पुढे आला आणि मांडवातल्यासारखा ओरडला, "पोहोचलं, माय! पोहोचलं! बोल तू!"

सगळा हॉल मागे वळला. मग जे हसू फुटलं, ते आधीचं नव्हतं. पोट धरून हसले लोक. एक गणवेशातला शिपाई दारातून लगबगीनं आला. परीक्षक मॅडम उभ्या राहिल्या, त्यांनी चष्म्यावरून टिकारामकडे बघितलं आणि मग मंचावर बघून इंग्रजीत काही विचारलं. त्यातला कोणता शब्द टिकारामला कळला नाही. पण मॅडमचं बोट त्याच्याकडे होतं, डोळे डिंपलकडे होते. हा माणूस तुझ्याबरोबरचा आहे का, याशिवाय दुसरं काय विचारणार?

टिकाराम थोडा सरळ उभा राहिला. सदऱ्याची बाही नीट केली.

डिंपलनं त्याच्याकडे बघितलं. मग मॅडमकडे. आणि माईकमधून, अगदी हळू, अगदी स्वच्छ आवाज आला.

"नो, मॅडम."

'नो' कोणाला कळत नाही? शिपायानं दंडाला धरलं. "चला बाबा, बाहेर चला, परीक्षा चालू हाय." टिकाराम निमूट गेला. दुपट्टा त्याच्या हातातच होता. दाराबाहेर पडता पडता त्याला मागून तिचा आवाज ऐकू आला. ती बोलत होती. न ओढता, न उचलता, शहरातल्या पोरींसारखं, मऊ. आणि ती थांबत नव्हती.

बाहेरच्या ओट्यावर तो बसला. अंगणात पहिले थेंब पडले, मोठाले. धुळीत खड्डे करणारे. बघता बघता पावसानं पलीकडची भिंत पुसून टाकली. टिकाराम दुपट्टा मांडीवर घेऊन त्या पावसाकडे बघत बसला. बांधीत कडपा, कडपांत सुशीलाबाई, आणि आपण इथे, कोणाचेच नाही.

डिंपल बाहेर आली तेव्हा टाळ्यांचा आवाज तिच्या मागे दारातून आला. ती बापाजवळ थांबली. तिचे डोळे फरशीवर होते.

"झालं?" त्यानं विचारलं.

"झालं."

"मॅडमनं का विचारलं मधात?"

"गावाचं नाव विचारलं," डिंपल म्हणाली.

"हो," टिकाराम म्हणाला. "बरं सांगतलं."

परतीच्या एसटीत ती खिडकीकडे तोंड करून बसली. जागेश्वर सर पुढच्या बाकावर होते, ते आनंदात होते, आणि मागे वळून वळून बोलत होते. टिकाराम हो हो म्हणत होता.

गावात पोहोचला तो तसाच बांधीवर गेला. पाऊस थांबला होता, पण पाणी थांबलं नव्हतं. धुरे भरून वाहत होते आणि कडपा पाण्यात तरंगत होत्या. सुशीलाबाईनं शेजारणीला घेऊन एक बांधी वाचवली होती. दुसरीच्या अर्ध्यापर्यंत ती पोहोचली होती. बाकीचा धान गेला होता. ती धुऱ्यावर बसली होती, लुगडं अंगाला चिकटलेलं, हाताची कातडी पाण्यानं पांढरी पडलेली. तिनं नवऱ्याकडे बघितलं.

"झाली का तुमची दंडार?" ती म्हणाली.

टिकारामनं सदरा काढला, धुऱ्यावर ठेवला आणि पाण्यात उतरला. दोघांनी ओल्या कडपा पेंढी पेंढी करून धुऱ्यावर आणल्या. पाण्यानं भिजलेला धान जड असतो. वाकलेला माणूस उठताना गुडघ्यावर हात ठेवून उठतो. डिंपलही गणवेश न बदलता उतरली.

पुढचे दिवस तो धान उलटवण्यात गेले. ऊन पडलं की पसरायचा, ढग दिसला की झाकायचा. पण लोंब्यांना कोंब फुटले. आधी पांढरे टोक, मग हिरवं. आंबूस वास घरापर्यंत येऊ लागला. सुशीलाबाई एक लोंबी हातात घेऊन म्हणाली, "पाहा, रोवनी आपोआप होऊन राहिली." हसायला कोणी तयार नव्हतं. डिंपल शाळेतून आली की बापाबरोबर धान उलटवायची. एकदोनदा ती "बाबा" म्हणाली आणि थांबली. टिकारामनं "काय, माय?" असं विचारलंही. "काई नाई," ती म्हणाली. त्याला ते सोपं करून देता आलं असतं. पण त्याच्यानं झालं नाही.

एक दिवस जागेश्वर सरांची मोटरसायकल घरासमोर थांबली. सरांनी उतरायच्या आधीच ओरडून सांगितलं, "लागली! डिंपल लागली त्या शाळेत!"

सुशीलाबाई भांडी टाकून धावत आली. तिनं पोरीचं तोंड कुरवाळून बोटं कानशिलावर मोडली. सरांना चहा दिला. सर खाटेवर बसून सांगू लागले, आणि सांगताना त्यांचा ऊर भरून आला होता.

"लिहिन्यात तर पहिलीच. पन बोलन्यानं मॅडम जास्त खुश झाल्या. फोनवर म्हने, मधात कोन्ता तरी पागल मानूस घुसला होता हॉलमधी, कपडा हालवत होता, चिल्लावत होता. दुसरी पोरगी असती तं रडून खाली उतरली असती. हे पोरगी नाई घाबरली. आवाज खाली घेतला अन पुरं भाषन केलं. मी तं तठी नव्हतो, नाई तं त्या पागलाले..."

"कोन पागल?" सुशीलाबाईनं विचारलं. "तुमी तं होते ना तठी. तुमाले दिसला का?"

डिंपल दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

"होता एक," टिकाराम म्हणाला. "शिपायानं हाकलला."

सरांनी चहा संपवला. टिकारामनं त्यांच्या मोटरसायकलपर्यंत जाऊन हात जोडले. "तुमच्यामुळं झालं, सर," तो म्हणाला. आणि ते मनापासून म्हणाला, ही त्यातली वाईट गोष्ट. पोरगी लागली म्हणून त्याला आनंदच झाला होता. त्या आनंदाच्या मधोमध काटा होता, आणि तो काढायचा कसा हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

दिवाळी ओल्या धानाच्या वासातच गेली. मग मंडई आली. पुंडलिकराव काठी टेकत घरी आले. राजाचा मुकुट त्यांनी पिशवीतून आणला होता, नवा कागद चिकटवून.

"गळा बसला हाय, काका," टिकाराम म्हणाला. "पाण्यात भिजलो ना."

पुंडलिकरावांनी त्याच्याकडे निरखून बघितलं. ज्यानं गळा घडवला त्याला बसलेला गळा आणि न बसलेला गळा कळत नाही काय! पण म्हातारा जाणता होता. मुकुट घेऊन परत गेला. त्या वर्षी राजाचं सोंग पुंडलिकरावांच्या पुतण्यानं घेतलं, माईक हातात धरून. लोक म्हणाले, बरा होता.

मंडई आटोपली आणि डिंपलचं निघणं उद्यावर आलं. सकाळी सरांबरोबर जायचं होतं. सुशीलाबाईनं तिची पेटी भरली. संध्याकाळी टिकाराम तलावापलीकडच्या बांधीत होता. कोंब आलेला धान गुरांना तरी होईल म्हणून भारे बांधत होता. ऊन उतरलं होतं. वारा अगदी पडला होता. पाण्यावर सुरकुतीही नव्हती.

तेवढ्यात त्या पारीवरून आवाज आला.

"देअर इज अ टँक इन माय व्हिलेऽऽज!"

टिकाराम वाकलेला होता, तसाच राहिला. मग हळूहळू उठला. समोरच्या पारीवर, रोजच्या जागी, डिंपल उभी होती. एकटी. सबंध भाषण ती म्हणत होती, त्यानं शिकवलं तसं, प्रत्येक वाक्य ओढून, उचलून, वाऱ्यावर ठेवून. घाटावरच्या बाया थांबल्या. शब्द न् शब्द पाण्यावरून येत होता आणि त्याच्या छातीवर आदळत होता.

भाषण संपलं. ती थांबली, तिनं दम घेतला. आणि मग तिनं आणखी काही म्हटलं, जे सरांनी लिहवून घेतलेल्यात नव्हतं.

"दॅट मॅन इज माय फादऽऽर! माय फादर कट्स द पॅडीऽऽ!"

शेवटचं वाक्य त्याचंच होतं. ते कळायला त्याला कोणाची गरज नव्हती.

डिंपल उभी राहिली. दुपट्टा वर जाण्याची वाट बघत. तो तर त्याच्या खांद्यावरच होता. हात उचलायचा एवढंच. टिकारामनं स्वतःला सांगितलं, उचल. पण हॉलमधलं हसू, दंडावरचा शिपायाचा हात आणि ते दोन स्वच्छ शब्द त्याच्या हातावर येऊन बसले होते. हात वर होईना. त्यानं कानावरही हात ठेवला नाही. तो नुसता उभा राहिला, हातात ओल्या धानाची पेंढी घेऊन.

डिंपलनं पुन्हा म्हटलं नाही. मग तिनं डोळे पुसले, वळली आणि पारीवरून उतरून घराकडे चालू लागली.

ती झाडांआड गेली तेव्हा टिकारामच्या हातातली पेंढी सुटली. त्यानं खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि दोन्ही हातांनी वर धरला, जेवढा उंच जाईल तेवढा. "पोहोचलं, माय!" तो ओरडला. "पोहोचलं!" पण गळ्यातून नुसती घरघर निघाली. राजाचा आवाज त्या दिवशी तलाव ओलांडू शकला नाही. घाटावरच्या बायांनी त्याला बघितलं. पारीवर कोणी नव्हतं. अंधार पडून दुपट्ट्याचा लाल रंग दिसेनासा झाला, तरी त्यानं हात खाली घेतले नाहीत.